दुसरा कुल्हड

पोलीस खात्यात माणूस निबर होतो म्हणतात, आणि ते खरंही आहे. मीही झालो. तरी मातीचं भांडं फुटल्याचा आवाज कानावर आला की आजही दचकतो, आणि नव्वदच्या दशकातली बनारसची ती संध्याकाळ समोर उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या प्रकरणात वैर नव्हतं, लोभ नव्हता, दारूसुद्धा नव्हती. म्हणूनच ते मला अजून पचलेलं नाही.

माझा जन्म झाशीचा, पण आजोळ बनारसच्या दुर्गाघाटावर. मामाकडे सगळे पौरोहित्य करणारे. त्यांचा भाचा पोलिसात गेला आणि पुढे त्याच भागाच्या ठाण्यात नेमणुकीवर आला, याची गल्लीत भरपूर थट्टा झाली. तिकडे फौजदाराला दरोगा म्हणतात. लहानपणी ज्यांच्या अंगणात मी धुडगूस घातला, ती माणसं हात जोडून ‘या दरोगाजी’ म्हणायची आणि पाठ वळली की हसायची. मीही हसायचो.

त्या वर्षी शहरातल्या हॉकीच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना घाटाकडच्या मुलांनी जिंकला. समोर रेल्वे वसाहतीचा संघ होता, आणि त्याच्यापुढे घाटवाले वर्षानुवर्षं हरत आले होते. विजयाची मिरवणूक मैदानावरून निघाली ती रामघाटावर आली. कपाला गंगेचं स्नान झालं. मग खेळाडू कप घेऊन नावेत बसले आणि भोसले घाटाच्या दिशेनं गेले. नावेत मावून मावून किती मावणार? उरलेला जमाव घशाच्या शिरा ताणून ओरडला आणि नाव लांब गेल्यावर गल्लीत परतला. बंदोबस्ताचे माझे शिपाई घाटावर होते. गल्लीत सगळी घरचीच मुलं, तिथं कसला बंदोबस्त, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

दुर्गाघाट आणि रामघाट यांच्या मधल्या त्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं लस्सीचं दुकान होतं. त्याला सगळे चाचा म्हणत. घाटवाले जिंकले तर गल्लीला फुकट लस्सी पाजीन, असं त्यानं जाहीर केलेलं होतं. दिवे लागायच्या सुमारास ठाण्यात निरोप आला की चाचाचं दुकान फोडलं, चाचा रक्तानं माखलाय आणि लोकांनी गुन्हेगार पकडून ठेवलाय.

मी धावत गेलो. गल्लीत लाल मातीच्या खापरांचा चिखल झाला होता. दह्याच्या नांदी, म्हणजे मातीची मोठी भांडी, फुटून दही पायऱ्यांवरून ओघळत होतं. फळ्या, बाकडी, कढई, सगळं बाहेर. चाचाला चार जणांनी आधीच इस्पितळात नेलं होतं. आणि भिंतीला टेकवून धरलेला एक तरुण, शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. तो हरलेल्या रेल्वे संघाचा कप्तान होता. त्याची स्टिक एकानं मोठ्या अभिमानानं माझ्या हातात दिली.

मी त्याला घेऊन ठाण्यात आलो. मुन्शी, म्हणजे ठाण्याचा कारकून, अजून फिर्याद लिहून घेत होता, तोच एक गृहस्थ आले. रामघाटच्या वेदपाठशाळेत शिकवणारे गुरुजी, माझ्या मामांचे स्नेही. त्यांचं घर चाचाच्या दुकानाच्या बरोबर समोर, वरच्या मजल्यावर. ते धापा टाकत होते.

“अरे, मी स्वतः खिडकीतून पाहिलंय,” ते म्हणाले. “आरडाओरडा ऐकून खिडकीशी आलो, तर तो रेल्वेवाला स्टिक उगारून दुकानात उभा होता. चाचा खाली पडलेले. हार सहन नाही झाली त्यांना. तू बयान लिहून घे, मी दस्तखत करतो. कोर्टात पण येईन.”

खोटं बोलणारा माणूस इकडंतिकडं पाहतो. गुरुजी सरळ माझ्याकडे पाहत होते. असा साक्षीदार मिळणं म्हणजे आमच्या धंद्यात सणच. वरिष्ठांचा फोन आला, त्यांनी तेच सांगितलं: आरोपी हातात आहे, साक्षीदार इज्जतदार आहे, सकाळी दंडाधिकाऱ्यांपुढे उभा करा आणि शहर शांत ठेवा.

कप्तानाची चौकशी मी केली. मी तेच तेच उलटसुलट विचारलं, पण पोराचं म्हणणं बदलत नव्हतं.

“चाचाने बुलाया था, साहब. हारनेवाले को पहला कुल्हड वो खुद देते हैं. पूछ लीजिए उनसे.”

ही रीत मला ठाऊक होती. चाचा तरुणपणी आखाड्यातला. कुस्ती हरलेल्या पहिलवानाला आधी दूध, मग जिंकलेल्याला, असा तिथला शिरस्ता. तो त्यानं दुकानात आणला होता. पण चाचाला विचारायचं कसं? डोळ्यात खापर घुसलं होतं. डॉक्टर जबाब घेऊ देत नव्हते.

कप्तान पुढं एवढंच म्हणाला, “अगले हफ्ते नौकरी पर जाना है. रेल्वे में, खेल के कोटे से. केस हो गया तो वो लोग नहीं लेंगे. बाबूजी रिटायर हो चुके हैं.” मग त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

सकाळी त्याला कोर्टात न्यायच्या आधी मी पंचनामा पुरा करायला पुन्हा गल्लीत गेलो. एक शिपाई फावड्यानं खापरं बाजूला करत होता. मी त्याला थांबवलं, कारण काहीतरी खटकलं होतं.

ज्यांनी बनारस पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं चहा, लस्सी मातीच्या पेल्यात मिळते. त्याला कुल्हड म्हणतात. पिऊन झालं की कुल्हड जमिनीवर आपटून फोडायचा. उष्टं पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. राजा असो की रिक्षावाला, सगळेच फोडतात, आणि फोडताना कुणालाही आपण काही मोडतोय असं वाटत नाही.

मी खापरांच्या ढिगाशी उकिडवा बसलो. तळाशी जी खापरं होती त्यांना आतून साय वाळून चिकटली होती, मुंग्या लागल्या होत्या. वरची खापरं कोरी करकरीत, लस्सीचा थेंब न लागलेली. आणि सगळ्यात वर दह्याच्या नांदीचे जाड तुकडे.

म्हणजे आधी लस्सी पिऊन झाली. प्यायलेले कुल्हड फुटले. मग न प्यायलेले फुटले. मग नांदी फुटल्या. सूड घ्यायला आलेला माणूस आधी ओळीनं बसून लस्सी पीत नाही. हे दुकान लस्सी प्यायला आलेल्या गल्लीतल्या पोरांनीच फोडलं होतं.

मी मान वर केली. वर खिडकीत गुरुजी उभे होते. “काही मिळालं का रे?” त्यांनी विचारलं. खापरं तशीच राहू दे असं शिपायाला सांगून मी निघालो.

कप्तानाला कोर्टात न्यायचं मी थांबवलं आणि वरिष्ठांना सांगितलं की दुपारपर्यंत वेळ द्या. मग गल्लीतल्या जाणत्या मुलांना ठाण्यात बोलावलं आणि एकेकाला आत घेतलं. ना दरडावलं, ना काठी दाखवली. माझा पहिला प्रश्न सगळ्यांना तोच. काल लस्सी प्यायलास? सगळे छाती फुगवून हो म्हणत. कुल्हड कुठं फोडला? ‘वहीं, सामने,’ बेधडक उत्तर येई. मग मी विचारी, आणि दुसरा कुल्हड?

इथं मात्र कुणी पाणी मागितलं, कुणी माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिला. शेवटी आत आला तो गुरुजींचा मुलगा. विद्यापीठात शिकणारा, चष्मा लावणारा, सकाळी वेदाची संथा म्हणणारा. त्याला मी खरं म्हणजे साक्षीदार म्हणूनच बोलावलं होतं.

“दुसरा कुल्हड?” मी विचारलं.

तो रडायलाच लागला.

“दादा, भांडण काहीच नव्हतं,” तो म्हणाला. “सगळ्यांनी आपापला कुल्हड एकसाथ फोडला. गल्लीत असा आवाज गूंजला ना, की सगळे चिल्लावले. मग कुणीतरी म्हणालं, पुन्हा. चाचा पण हसत होते. त्यांनी स्वतःच काही रिकामे कुल्हड दिले आमच्या हातात. मग आम्ही घ्यायलाच लागलो.”

“आणि नांदी?”

“त्या शेवटी. आधी चाचा मध्ये आले. म्हणाले, बस, बेटा, अब बस. माझ्या हातात एक होता. मी भिंतीवर फेकला, दादा. शप्पथ, भिंतीवर.”

“त्यांच्या डोळ्याला लागलं ते दिसलं तुला?”

“दिसलं.”

“मग थांबलास?”

त्यानं मान हलवली. “नाही. मी अजून एक उचलला.”

मी वीसएक वर्षं गुन्हेगारांसमोर बसलेला माणूस, पण असं उत्तर कधी ऐकलं नव्हतं. चाचाची लस्सी पिऊन मोठा झालेला पोरगा, चाचाला रक्त आलेलं पाहतो आणि पुढचा कुल्हड उचलतो. ‘का?’ एवढंच मी त्याला विचारलं.

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “वर्षभर आम्ही मैदानाच्या बाहेर उभे राहून ओरडलो. कप टीमनं उचलला. फोटो त्यांचे, नाव त्यांची. जिंकलो तर आम्ही पण होतो ना? पण आमच्या हाताला काहीच नाही आलं. घरी गेलो असतो तर सगळं कालच्यासारखंच. ते फोडताना वाटत होतं की आत्ता जिंकतोय. आणि थांबलं की संपणार.”

पुढचंही त्याच्याकडूनच कळलं. कप्तानानं आपला पहिला कुल्हड खाली ठेवला, पडलेल्या चाचाच्या पुढ्यात उभा राहिला आणि स्टिक आडवी धरून ओरडला, बस करो! तेव्हा जमाव थांबला. पण थांबल्यावर समोर पडलेल्या म्हाताऱ्याचं करायचं काय? हे आपण केलं, असं म्हणायला एकही तोंड उघडेना. समोर हरलेला माणूस होता, हातात स्टिक होती. कुणीतरी बोट दाखवलं. “तेव्हा आम्हाला खरंच वाटलं की त्यानंच केलं,” गुरुजींचा मुलगा म्हणाला. हे त्याचं वाक्य मला त्या कुल्हडापेक्षाही भयंकर वाटलं.

कप्तानाला मी दुपारच्या आत सोडलं आणि त्याच्यावर कसलाही गुन्हा नाही असा दाखला माझ्या सहीनं दिला. ती नोकरी त्याला मिळाली. गल्लीतल्या मुलांवर, गुरुजींच्या मुलासकट, दंगलीचा आणि गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला. गुरुजींना मीच बोलावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उपरणं खांद्यावर पुन्हा पुन्हा सारखं केलं.

“कुणी भडकवलं त्याला?” ते म्हणाले. “नाव सांग. कुणी बाहेरचा होता का?”

“कुणी नाही, गुरुजी.”

“काही जुनं भांडण? पक्ष, राजकारण?”

“नाही.”

“मग कशासाठी रे?”

“जिंकले म्हणून,” मी म्हणालो. त्यांना ते कळलं नाही. मला तरी कुठं पुरतं कळलं होतं?

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी इस्पितळात चाचाचा जबाब घेतला. एका डोळ्याची दृष्टी गेली होती. कप्तान निर्दोष आहे हे त्यानं मी विचारायच्या आधीच सांगितलं. फेकणाऱ्याचं नाव मात्र घेईना. शेवटी मीच सांगितलं. त्यानं पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवला.

“पंडितजी का लडका?” तो म्हणाला. “अरे साहब, उसको पहला कुल्हड तो हमने ही पकडाया था. इतना-सा था. दोनों हाथ से पकडता था, कि गिरके टूट न जाए.”

जबाब मीच लिहीत होतो. मुन्शीला पुढचं लिहायला सांगून मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

त्या प्रकरणानंतर बंदोबस्ताची माझी पद्धत बदलली. हरलेल्या बाजूवर नजर ठेवायला आम्हाला शिकवलेलं असतं. हरलेला माणूस घरी जातो, उशीत तोंड खुपसतो, सकाळी कामाला लागतो. जिंकलेल्या जमावाला घर नको असतं. त्याच्या हाताला काहीतरी लागायला हवं असतं, आणि शेजारी सगळे हसत असले की हाताला जे येईल ते त्याचं वाटतं. पुढं जिथं जिथं नेमणूक झाली तिथं मी विजयाच्या मिरवणुकीत कप शेवटपर्यंत लोकांमध्ये फिरवायला लावला, ज्याला हात लावायचा त्याला लावू दिला. बाकीचे अधिकारी मला हसत. हसोत बापडे.

निवृत्तीनंतर एकदा मामांकडे गेलो तेव्हा चाचाच्या दुकानावर थांबलो. म्हातारा पार वाकला होता. लस्सी त्यानं स्टीलच्या पेल्यात दिली. सगळ्यांनाच तशी देतो म्हणे, त्या दिवसापासून. पिऊन झाल्यावर पेला ठेवायला मी फळीकडे वळलो, तर आत एका कोनाड्यात एकच कुल्हड उपडा ठेवलेला दिसला. मी बोट दाखवलं.

“वो कप्तान का है,” चाचा म्हणाला. “साल में एक बार आता है. पीता है, धोकर वहीं रख जाता है.”