शहागडच्या हॉलमधली भरती-ओहोटी

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी विचारायला नको — मी भूत, करणी, बाहेरचं वगैरे काही मानत नाही. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी झालेच नाहीत. माझी स्वतःची पॅथॉलॉजी लॅब आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते रिपोर्टवर लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही, एवढ्यावर माझं पोट चालतं. म्हणूनच हा अनुभव लिहायला मला इतका वेळ लागला... कारण यात सगळं दिसलं, मोजलं, आणि तरी रिपोर्ट काय द्यायचा ते कळेना.

आमचं घर शहागडला. जालना जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी, हायवेपासून थोडं आत. पुढच्या खोलीत लॅब, मागं घर. घरात मी, आमचे हे — हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं यांचं दुकान आहे — सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो, आणि धाकटा दीर प्रशांत. प्रशांत अंकुशनगरच्या साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला आहे.

मला एकच नाद. खाऱ्या पाण्याचा टँक. हॉलमध्ये चार फुटी काचेचा टँक, त्यात खडक, थोडे प्रवाळ, आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची एक जोडी. खाली कपाटात दुसरी छोटी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी पाइपानं खाली सम्पमध्ये येतं, तिथं गाळलं जातं आणि पंपानं परत वर जातं. वरच्या टँकची पातळी कायम सारखी राहते. कमी-जास्त व्हायचं ते सम्पमध्येच.

आता लोक विचारतात, शहागडला समुद्राचं पाणी आणता कुठून? आणत नाही, बनवतो. आरओच्या पाण्यात पार्सलनं आलेलं मीठ कालवायचं. खडकसुद्धा कोरडा, दुकानातला, टाकायच्या आधी मी ॲसिडनं धुतलेला. समुद्राचा थेंबही त्या टँकनं पाहिलेला नव्हता, हे लक्षात ठेवा.

प्रशांतचं लग्न झालं त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मुलगी त्यानं पुण्यात स्वतःच पसंत केलेली. स्नेहल. माहेर हर्णैचं, दापोलीच्या खाली, अगदी समुद्राला लागून. वडिलांच्या मासेमारीच्या होड्या. ती घरूनच लॅपटॉपवर काम करायची. पोर गुणी, पण आल्यापासून गप्प. विचारलं तेवढंच बोलायची. जेवताना पाण्याकडं बघत बसायची... एकदा गच्चीवर उभी होती, मी विचारलं, "काय बघतेस गं?" तर म्हणाली, "काही नाही ताई. इथं कुठल्याच बाजूला संपत नाही ना जमीन."  प्रशांत एकदा माझ्यापाशी बोलला — "वैनी, ही ऱ्हाईल असं वाटत न्हाई मला."

याच दिवसांत टँकचा त्रास सुरू झाला.

आधी ऑटो टॉप-अप बिघडला असं वाटलं. खाऱ्या टँकचं पाणी हवेत उडतं, मीठ मागं राहतं. म्हणून सम्पमध्ये एक सेन्सर असतो. पाणी कमी झालं की तो आपोआप गोडं पाणी सोडतो. तर हा सेन्सर भलत्याच वेळी पाणी सोडायला लागला, आणि बादलीच्या बादली सोडायला लागला. मग काही तासांनी सम्प काठोकाठ! फरशीवर पाणी. खारटपणा उतरला, प्रवाळांनी तोंडं मिटली, एक तर पांढरा पडून गेला. क्लाउनफिश कोपऱ्यात जाऊन बसले.

मी सेन्सर बदलला. तेच. पंप बदलला. तेच. प्रशांतनं मीटर लावून व्होल्टेज बघितलं, इन्व्हर्टर तपासला, पाइप काढून धुतले. "वैनी, लाइन बिलकुल बराबर आहे," म्हणाला. यांचं म्हणणं, हायवेवरून उसाचे ट्रक जातात त्याच्या हादऱ्यानं काच कुठंतरी तडकली असेल. मी कपाटात वर्तमानपत्रं अंथरली. कोरडी ठाक. तडा नाही, गळती नाही.

शेवटी वैतागून मी टॉप-अप बंदच केला, आणि सम्पच्या काचेवर मार्करनं रेघा मारायला लागले. जाता-येता बघायचं आणि रेघ मारायची. दोन दिवसांत काचेवर शिडी तयार झाली. पाणी चार बोटं खाली जात होतं आणि चार बोटं वर येत होतं. कुणी काही न घालता!

आणि इथं माझं डोकं थांबलं. कारण मी प्रत्येक रेघेला खारटपणा मोजत होते. लॅबमध्ये लघवीची घनता बघायला जे यंत्र असतं त्याच जातीच्या यंत्रानं. आता बघा — पाणी उडून कमी झालं तर उरलेलं जास्त खारट व्हायला पाहिजे. गोडं पाणी आलं तर कमी खारट. माझा आकडा हलतच नव्हता! म्हणजे पाणी जात होतं ते मिठासकट जात होतं. आणि येत होतं तेही खारटच येत होतं.

कुठं जात होतं? कुठून येत होतं?

मी कपाटासमोर मांडी घालून बसले होते, आणि स्नेहल चहा घेऊन आली. तिनं रेघा बघितल्या. बाजूला मी बारीक अक्षरात प्रत्येक रेघेची वेळ लिहिली होती. चहा तसाच हातात धरून ती खाली बसली.

"ताई, काल हे कधी वर आलं होतं? आणि परवा?"

मी सांगितलं. रोज साधारण पाऊण तास उशिरा येतंय, हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. तिच्या आलं. आणि ती पोर, आल्यापासून पहिल्यांदा, खळखळून हसली.

"अहो ताई, ही भरती-ओहोटी आहे!"

मला वाटलं चेष्टा करतेय. तिनं कॅलेंडर काढलं. म्हणाली, "आमच्याकडं बाबा घड्याळ बघत नाहीत, तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाला पूर्ण. आता दोन-तीन दिवसांत भांग असेल, म्हणजे पाणी कमी हलेल. आणि पौर्णिमेला बघा, उधाण येईल."

माझा विश्वास बसला नाही. पण तिनं सांगितलं तसंच झालं. अष्टमीच्या आसपास पाणी जेमतेम दोन बोटं हललं. आणि पौर्णिमेला वीतभर खाली गेलं आणि वर येऊन सम्पच्या काठाला लागलं. आम्ही दोघी खाली बादली धरून बसलो होतो. काही हिंदकळणं नाही, आवाज नाही... पाणी नुसतं काचेवर चढत होतं. उघड्या डोळ्यांनी दिसेल न दिसेल असं. मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. एखाद्या पेशंटच्या रक्तात कधी न पाहिलेली पेशी दिसावी तसं झालं होतं. तिथून उठवत नव्हतं.

वेळ मात्र हर्णैची नव्हती. हिशोबापेक्षा आमचं पाणी कायम दोनेक तास उशिरा यायचं. स्नेहलला याचंच जास्त कुतूहल. "आमचा समुद्र नाही हा. दुसराच कुठला तरी आहे," म्हणायची. मोबाइलवर कुठल्या कुठल्या बंदरांच्या वेळा काढून ताडून बघायची. एखादी चार दिवस जुळायची, मग सुटायची.

घरात लपून थोडंच राहतं. आईंनी एक दिवस वाकून पाणी उतरताना बघितलं आणि मागं सरकल्या. "हे पाणी असं कसं करून राह्यलं?" मी समजावायला गेले, तर म्हणाल्या, "पोरगी आली अन् हे सुरू झालं. तिच्यासंगंच आलंय हे. काढून टाका ते काचाचं."

स्नेहल दारातच होती. तिनं ऐकलं.

 दोन दिवसांनी म्हणाली, "ताई, मी हर्णैला जाऊन येते." प्रशांत तिला स्टँडवर सोडून आला आणि न जेवता झोपला. मला आईंचा राग आला, पण खरं सांगू? माझ्याही मनात तोच प्रश्न होता. फरक एवढाच की मला तो तपासून बघायचा होता. मी आईंना म्हटलं, "ती गेली ना? आता तुम्हीच बघा. पाणी थांबलं तर तुमचं खरं."

आणि आई बघायला लागल्या! सकाळी पोथी वाचून झाली की कपाट उघडून बसायच्या. मार्कर माझ्याकडून मागून घेतला. रेघा मारताना हात कापायचा, म्हणून वाकड्या यायच्या. स्नेहल जाऊन आठवडा उलटला. पाणी जसंच्या तसं जातंय, येतंय. एके दुपारी मी लॅबमधून आत आले तर आई फोनवर मोठ्या आवाजात बोलत होत्या.

"हॅलो, स्नेहल? मी बोलतेय. अगं, ते तुझ्यामुळं न्हाई. तू गेल्तीस तरी येऊन राह्यलंय ते. मी सोता पाह्यलं." मग थोडं थांबून, "मी बोलले ते चुकलं बाई. ये परत. तिथीचं मला जमत न्हाई."

ती तिसऱ्या दिवशी आली. सोबत वडिलांनी दिलेली सुकी मासळी, आणि त्यांचा निरोप — तलावाला, विहिरीला भरती येत नाही, टाकीला तर नाहीच, नीट बघा. आम्ही नीटच बघत होतो. प्रशांतनं पंप बंद करून सम्प वरच्या टँकपासून पूर्ण तोडला. तरी सम्पचं पाणी हललं. त्यातलंच पाणी काढून स्टीलच्या बादलीत शेजारी ठेवलं. बादलीतलं हललं नाही. नदीला वरून पाणी सोडतात त्याचा काही संबंध असेल म्हणून यांनी पुलावरून जाऊन पात्र बघितलं. काही मेळ नाही. माझ्या ओळखीच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, एवढ्याशा पाण्यावर चंद्राचा परिणाम मोजतासुद्धा येणार नाही. व्हिडिओ पाठवला, तर म्हणाले, "खाली नळी कुठं लपवलीय?"

एक गोष्ट मात्र मी कुणाला पाठवली नाही. पाणी पूर्ण वर आलं असताना मी एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात एक जीव तडफडत होता. मोठे काळे डोळे, डोक्यावर लांब काटा, वाकडं शेपूट. मी पुस्तकं, इंटरनेट सगळं धुंडाळलं. खेकड्याचं पिल्लू. अंड्यातून नुकतं निघालेलं. पुढच्या भरतीलाही दिसले, दोन-तीन. ओहोटीच्या पाण्यात मात्र एकदाही नाही. आणि माझ्या टँकमध्ये खेकडा नव्हता.

हां, एखादा प्रवाळासोबत लपून आला असेल आणि मला कधी दिसला नसेल. हे होऊ शकतं, मी नाकारत नाही. पण मग तो ओहोटीत पिल्लं परत गोळा करत होता का?

हे सगळं पावसाळा संपेपर्यंत चाललं. आम्हाला सवय झाली होती. टॉप-अप मी हातानंच करायचे, प्रवाळ पुन्हा उमलले होते. मग एका अमावस्येला दुपारी आम्ही तिघी उधाण बघायला चहा घेऊन बसलो. वेळ झाली. पाणी चढलं नाही. कपातला चहा निवला... आई म्हणाल्या, "का गं, आलं न्हाई?" स्नेहलनं पुन्हा तिथी मोजली. संध्याकाळपर्यंत बसलो. पाणी सकाळच्या रेघेवरच. त्या दिवसापासून ते कधी हललं नाही. ना पंप बदलला होता, ना कुठला पाइप. जसं सुरू झालं तसं बंद झालं. त्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी गावाला गेल्यासारखं वाटत होतं.

पुढं थंडीत, टँकची काच पुसताना स्नेहल ओरडली. खडकाच्या फटीत मसुरीएवढा खेकडा. पाठ करडी, नांग्यांना पिवळं टोक. मुंबईच्या दुकानदाराला फोटो पाठवला; त्याला जात ओळखू आली नाही. हर्णैला स्नेहलच्या वडिलांनाही नाही. "आपल्या बाजूचा नाही," एवढंच म्हणाले.

आता तो चांगला बोराएवढा झालाय. स्नेहलही इथं रुळलीय. परवा आईंनी तिला विचारलं, "आज कोन्ती तिथी?" आणि सांगून टाकलं, "मंग सांजच्याला येईन त्यो भाइर." बरोबर तेव्हाच आला.

कारण तो रोज पाऊण तास उशिरा बाहेर येतो. मी वाचलंय, किनाऱ्यावरचे खेकडे प्रयोगशाळेत नेले तरी काही दिवस आपल्या किनाऱ्याची वेळ पाळतात. ठीक आहे, शास्त्र आहे. पण हा जन्मला कुठं? याला वेळ कुणी शिकवली?  तुमच्यापैकी कुणी समुद्री जीवांवर काम करत असेल तर जरूर सांगा, मी खरंच विचारतेय.

खडकाचं एक टोक पाण्याच्या वर आलेलं आहे. ओहोटी लागायच्या वेळेला तो त्यावर चढून बसतो आणि खाली बघत राहतो. पाणी जागचं हललेलं नसतं. तो मात्र ते उतरल्यासारखा, सावकाश, एकेक पाय टाकत खाली चालत जातो.