तळीकडे तोंड करून मेलेली कुत्री

डिचोली तालुक्यात, पाळीच्या बाजूच्या एका वाड्यावर घडलेलं ते प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. मी तिथल्या चौकीवर महिला शिपाई होते. शिक्षण चौथी मराठी. पण माझं अक्षर वाचता येई, म्हणून पंचनामे माझ्याकडे येत.

खाकी कपडे दिसले की कुत्रं भुंकतंच. त्या दुपारी मी वाड्यात शिरले आणि एकही भुंकलं नाही. खाणीच्या ट्रकांची लाल धूळ झावळांवर बसली होती. पोदेर भोंगा वाजवत पाव घेऊन गेला, त्याच्या सायकलमागे धावायला कुणी नव्हतं. लोक दारात उभे राहून हळू आवाजात बोलत होते. आठ दिवसांत सात कुत्री मेली होती, आणि सातही तळीच्या काठावर, पाण्याकडे तोंड करून. सातवं मी स्वतः पाहिलं. पुढचे पाय पाण्यात, डोळे उघडे, जणू पाण्यात कुणी दिसत होतं.

"राखणदार बोलावता त्यांका," एक म्हातारा म्हणाला. "तळी उपसली, पण त्याचो मान दिलो नाय."

त्यानं राखणदारासाठी काठावर रोट, म्हणजे जाड भाकरी, आणि विडी ठेवली होती. रोट दोन दिवस तसाच पडून होता. एरवी कुत्र्यांनी तासाभरात संपवला असता. राखणदार म्हणजे गाव राखणारा देव. मी त्याला हात जोडते, पण फिर्यादीत त्याचं नाव घालता येत नाही.

फिर्याद दिली होती एका विधवा काकींनी. घरात त्या एकट्या. सातवं कुत्रं त्यांचं. घर फोडण्याआधी चोर कुत्री मारतात, म्हणून साहेबांनी गुन्हा लगेच नोंदवून घेतला. संध्याकाळी खबर आली. चहाच्या गाड्यावाल्यानं सांगितलं, बेळगावकडचा एक मजूर आहे, बागायतीत खणायचं काम करतो. त्याला महिन्यापूर्वी कुत्रं चावलं तेव्हा तो "एकेकाला मारून टाकतो" असं ओरडला होता. त्याच्या झोपडीत उंदराच्या औषधाची अर्धी पुडी मिळाली. आम्ही त्याला आणला.

"कुत्रं चावलं तुला?" मी विचारलं.

"चावलं की."

"मारून टाकतो म्हणालास?"

"म्हणालो. चावल्यावर आरती करू काय त्याची?"

पोलीस हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याला दोन कानफटात दिल्या आणि पुडी पुढे धरली. तो म्हणाला, ते उंदरासाठी. हे प्रत्येकजण म्हणतो. त्याच्या पोटरीवर दाताचे वण अजून लाल होते. मलाही वाटलं, हाच. कोठडीचं कुलूप मीच लावलं.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या लोकांनी त्याची झोपडी मोडली. त्याची बायको टोप आणि गोधडी घेऊन चौकीच्या पडवीत येऊन बसली. बाहेर वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्याला आमच्या ताब्यात द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांत कालपर्यंत राखणदाराला रोट ठेवणारेही होते.

तिसऱ्या दिवशी मी त्या बाईला चहा दिला. ती कप हातात धरून म्हणाली, "बाई, आमचं कुत्रं की हो पयलं मेलं. ते कोण लिवून घेणार?"

मी विचारलं, "तुमचं कुत्रं होतं?"

"होतं की. ह्यांच्या मागं मागं कामावर जायचं. त्या काकींच्या माडाखाली उकरून कायतरी खाल्लं. दोन दिस ओकलं, रगात पडलं, पाणी पाणी करत तळीकडं गेलं."

सात नव्हे, आठ. पहिलं आम्ही मोजलंच नव्हतं, कारण ते कोठडीतल्या माणसाचं होतं.

मी तशीच काकींच्या बागेत गेले. माडांची आळी नुकती खणलेली, वर पालापाचोळा. तीन आळ्यांवर नखांचे ओरखडे. आत हात घातला तर करडा लगदा लागला, आणि त्याला मासळीचा उग्र वास.

"काकी, हे काय घातलंय?"

"पेंड गे. एरंडाची. वाळवी येणा नाय म्हणून दुकानदारान दिली."

"आणि वास?"

"बांगडे धुतलेलं उदक. थोडी डोकी पण. माझी आवय माडाक घालायची, तसाच मी घालतंय."

गुरांच्या डॉक्टरांनी सातवं कुत्रं उघडलं. पोटात पेंडीचा लगदा आणि बांगड्याचे काटे. उंदराच्या औषधाचा मागमूस नाही. ते म्हणाले, एरंडाचं तेल काढलं तरी विष पेंडीत राहतं. नुसती पेंडसुद्धा कुत्री हुंगतात, हिला तर मासळी लावलेली. आतडी जळतात, तहान आवरत नाही, म्हणून जनावर पाणी शोधत जातं. तळीचं कोडं एवढंच होतं.

मी काकींना सांगितलं. त्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे माझ्या हातान मेली?"

"हो."

"माझो पण?"

"तुमचा पण."

त्यांनी उठून बागेचं फाटक ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "गावात सांगू नको, बाय."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायचं. नाहीतर तो सुटला तरी हे लोक त्याला जगू देणार नाहीत."

त्या आल्या. चौकीच्या दारात, त्या माणसांसमोर, पदर तोंडावर न घेता त्यांनी सांगितलं. एकेकजण चपला ओढत निघून गेला. झोपडी कुणी मोडली हे विचारायला गेले, तेव्हा ती कुणीच मोडली नव्हती.

सुटल्यावर त्या माणसानं त्याची कुदळ मागितली. मला वाटलं, गाव सोडून जाईल. तो सरळ काकींच्या बागेत गेला आणि प्रत्येक आळं उपसून पेंड बाहेर काढली. "अजून दोन कुत्री हायत वाड्यावर," एवढंच म्हणाला. काकींनी चहा आणला. तो त्यानं घेतला नाही.

ज्यांच्या घरी झाडं आणि कुत्रं दोन्ही आहेत त्यांनी एरंडाची पेंड आणूच नये. आणलीच तर हात-दीड हात खोल पुरावी, वर दगड ठेवावेत, मासळी तिच्या जवळ नेऊ नये, आणि पोतं माळ्यावर टाकावं. कुत्र्यानं खाल्लीच तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टर गाठावा.

तपासाचं म्हणाल तर, दाताचे वण, रागातलं बोलणं, औषधाची पुडी, सगळं आम्ही त्याला विचारलं. या आठ दिवसांत तुझं काय मेलं, हे विचारलं नाही. तो प्रश्न पहिल्या संध्याकाळी विचारला असता, तर त्याच्या डोक्यावर छप्पर राहिलं असतं. यात तुझं काय गेलं, हा प्रश्न पुढच्या नोकरीत मी प्रत्येक आरोपीला विचारला. काहीजण खोटं बोलले. तरी विचारला.