पायाळूची उसण

मी पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढणारा. आल्या आल्या जगाला लाथच घातली म्हणा. पाठीत उसण भरली की पायाळूचा पाय लावायचा, ही आमच्याकडची रीत. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या वर्षांत आमचं गारखेडा अजून शहरात शिरलं नव्हतं, तेव्हा आमच्या दारी बैलगाड्यांची अशी रांग लागायची की शेवटची गाडी बिडकीनलाच उभी असे.

पाय माझा, मान चुलत्याचा. खाटेवर बसून पाहुण्यांबरोबर चहा पिणार तो.

माझा मान माळावर. मी हाळी दिली की आमची मेंढरं तर वळायचीच, देवगाव रंगारीचीही निम्म्या वाटेपर्यंत यायची.

विशीत माझ्याच बरगडीखाली कळ निघाली. श्वास घेतला की आत सुरा फिरायचा. संध्याकाळी ताप. आई म्हणाली, "दवाखान्यात नेते."

चुलता उसळला. "पायाळूला उसण भरली म्हून डाक्टरकडं? लोकं तोंडात शेण घालतील! घरचा पाय हाय की."

मग दोन गड्यांनी मला पालथा पाडला, पाय मुडपला आणि माझीच टाच माझ्याच बरगडीला टेकेस्तोवर दाबली. मी अशी बोंब ठोकली की दौलताबादच्या किल्ल्यावरची वटवाघळं दुपारची उडाली.

"बघा, निघाली उसण!" चुलता म्हणाला.

आणि काही दिवसांनी कळ खरंच थांबली. चुलत्यानं साखर वाटली. मला मात्र दम पुरेना. उंबरा चढलो तरी धाप. महिने गेले. शेवटी चुलता बाजाराला गेलेला बघून आईनं मला टांग्यात घातलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. म्हणाले, "फुफ्फुसावर पातळ दुपदरी अस्तर असतं. ते सुजून पदर घासले, म्हणून कळ. मग मधे पाणी भरलं, पदर एकमेकांपासून लांब झाले, म्हणून कळ थांबली. टीबी आहे हा. इतके महिने काय करत होता?"

मी म्हणालो, "पाय लावत होतो."

पाठीत सुई घालून पाणी काढलं. आमची विहीर लाजली असती. इंजेक्शनं, गोळ्या झाल्या, जगलो. पण अस्तर जाड होऊन फुफ्फुसाला चिकटलं ते चिकटलंच. त्या अंगाला श्वास जातो तो उधारी मागायला आल्यासारखा, दारातूनच परततो.

घरी आलो तर चुलता सगळ्यांना सांगत होता, "पायानंच बरा झाला."

पुढं एक देवगावचा गडी आला. बरगडी धरलेली, खोकला, अंगात ताप. मी म्हणालो, "दादा, फोटो काढ. पाय लावायचा नाय मी."

"लई थट्टेखोर हाय," म्हणत चुलत्यानं माझा घोटा धरला आणि त्याच्या पाठीला टेकवला.

"हलकं वाटलं," म्हणत गडी गाडीत बसला.

मी दारात धावलो, होती नव्हती ती हाळी दिली. "दवाखान्यात जाऽऽ!" आवाज अंगणातल्या बाभळीपर्यंतसुद्धा गेला नाही. गाडी निघून गेली. मेंढरं तरी वळायची.