ओढ्यापलीकडची वस्ती

धायरीतल्या आमच्या जिन्यात परवा फरशीच्या औषधाचा वास आला आणि मला नकाशांच्या छपाईतला अमोनिया आठवला. एका ग्रामीण लोकसभा मतदारसंघाच्या नव्या सीमेचा नकाशा मी काढला होता, नोकरीतला पहिलाच.

हरकतींच्या सुनावणीला एका गावच्या सरपंचबाई आल्या. नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, ओढ्यापल्याडची वस्ती आमच्याच गावाची हाय. तुम्ही ती दुसऱ्या मतदारसंघात टाकलीया."

"नकाशे चुकत नसतात, बाई," आमचे साहेब म्हणाले.

मी गावांची यादी पुन्हा पाहिली. ती वस्ती त्यांच्याच गावाखाली लिहिलेली होती. "साहेब, चूक माझी आहे."

साहेबांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला. "मग दुरुस्त करा. आत्ताच."

सगळ्यांसमोर मी ब्लेडने सीमेची ती रेघ खरवडली आणि वस्तीच्या पलीकडून नवी ओढली. तेव्हा वाटलं, अब्रू गेली. आज वाटतं, नोकरीला मी खरी लागले ती त्याच दिवशी.