रस्त्यात राहिलेले दगड

घाटातल्या वळणावर डिझेल संपून एक ट्रक अडला होता. मागच्यांना कळावं म्हणून ड्रायव्हरने रस्त्यावर दगड मांडून त्यांत फांदी खोचली होती. आमची एसटी खोळंबली. शेवटी दुसऱ्या ट्रकवाल्याने आपल्या टाकीतून कॅनभर डिझेल दिलं. इंजिन खोकलं, धडधडलं, आणि सगळ्या बसने सुस्कारा सोडला.

पण ट्रक थोडा पुढे जाऊन पुन्हा थांबला.

“आता काय?” कंडक्टर वैतागला.

“दगड राहिले ना, मास्तर!” ड्रायव्हर धावत मागे आला आणि एकेक दगड त्याने कडेला नेऊन ठेवला.

ते पाहताना मला घरचा रेडिओ आठवला. आजारपणात आवाज सोसवेना म्हणून मी तो बंद करायला लावला होता. मला बरं वाटून वर्ष झालं, रेडिओ अजून मुकाच होता. घरी पोचलो आणि चपला काढण्याआधी तो लावला.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “जरा मोठा करा.”