बारक्याचा हात

मी इस्त्रीवाली. लोकांचे खिसे तपासणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. खिशात पेन राहिलं तर शाईचा डाग माझ्या माथी, नोट राहिली तर भांडण माझ्याशी. म्हणून कपडा हातात आला की आधी खिसा, मग कॉलर, मग इस्त्री. माणसांच्या बाबतीतही माझं तसंच आहे. कुणी जरा जास्त गोड बोललं की कुठे पाणी मुरतंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवरा म्हणायचा, तू एक दिवस आपल्या सावलीलाही विचारशील, का गं माझ्या मागे मागे येतेस. तो बिचारा गेला, स्वभाव काही गेला नाही.

माझ्या दुकानाला लागून धाकट्या भावाचं सलून आहे. मधे नुसती फळ्यांची भिंत. त्याला सगळे बारक्या म्हणतात. लहानपणी चणीने बारीक होता म्हणून पडलेलं नाव. आता दारातून येताना मान वाकवावी लागते, तरी तो बारक्याच. त्याची कात्री, त्याची शीळ आणि त्याची बडबड मला भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू यायची. दाढीला तर त्याचा हात असा की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. समोरचे घड्याळवाले काका रोज सकाळी आपलं दुकान उघडण्याआधी त्याच्याकडून दाढी करून घ्यायचे. कधी हनुवटीवर जरा कापलं, तर डोळे न उघडता म्हणायचे, "ब्लेड बदल रे." बारक्या तुरटी फिरवायचा, दोघं हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

मग एकदा त्याची शीळ थांबेचना. भल्या पहाटे दुकान उघडून भिंती रंगवायला घेतल्या. दोन नव्या खुर्च्या आणल्या, त्या ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकाचा एक कल्ला कापायचा आणि दुसरा कापायच्या आधी त्याला शहरभर सलून कशी काढायची ते सांगत बसायचा. लोकांना मजा वाटली. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. झालंही तसंच. थोड्याच आठवड्यांत तो भिंतीकडे तोंड करून जो झोपला तो उठेना. आंघोळ नाही, जेवण नाही. आपण जगून कुणाचं भलं होणार, असं बायकोला विचारलं, तेव्हा तिने आणि मी मिळून त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. हा मूडचा आजार आहे. मन कधी नको तितकं वर चढतं, कधी तळाला जातं. रक्तदाबाला जशी रोज गोळी लागते तशी यालाही लागते, आणि ती घेतली की माणूस आपलं कामधाम करून नीट राहतो. मला पटलं. भावजयीलाही पटलं, पण ते फक्त दवाखान्याच्या दारापर्यंत. गल्लीत पाऊल टाकताच तिने कावीळ झाल्याचं सांगितलं. लोकांनी काविळीची पथ्यं सांगितली आणि पाठ वळताच एकमेकांना डोळे मारले. खरं काय ते सगळ्यांना कळलेलं होतं. काविळीच्या माणसाला भेटायला जाताना कुणी मुलांना घरी ठेवून जात नाही.

बारक्या बरा होऊन परत आला, दुकान उघडलं, पांढरा कोट घातला. केस कापायला लोक आले. दाढीला कुणी आलं नाही. कात्रीपर्यंत सगळं ठीक, वस्तरा दिसला की प्रत्येकाला काम आठवायचं. एक म्हणाला, घरीच करून आलो. दुसऱ्याला पुरळ आलं होतं. बाकीच्यांनी सरळ दाढ्या वाढवल्या. बघता बघता आमच्या गल्लीत दाढ्यांचं पीक आलं. घड्याळवाल्या काकांनाही सत्तरीत दाढीची हौस सुटली. ते रोज यायचे, बाकावर बसायचे, पेपर वाचायचे आणि पेपरावरून आरशात बघायचे. आरशात सगळेच बघायचे, स्वतःच्या केसांकडे नाही, बारक्याच्या हाताकडे.

त्यात त्याचा हात थरथरायला लागला. फार नाही. चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची एवढंच. पण भिंतीपलीकडून ती मला ऐकू आली. मला वाटलं, हा आता प्यायला लागला. त्याचे कोट आणि टॉवेल धुऊन माझ्याकडे इस्त्रीला येतात. पुढचे काही दिवस मी भावजयीकडून ते न धुतलेलेच मागवले आणि एकेक हुंगला. साबण आणि पावडर, दुसरा वास नाही. मग संशय भावजयीवर गेला. ती रोज दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, गोळी त्याच्या हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत उभी राहायची. कसली गोळी देते ही, म्हणून मी पाकीटही बघून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेलीच होती.

आणि मग किणकिण बंद झाली. हात स्थिर झाला. पाठोपाठ शीळही परत आली. कुणी दुसरी असती तर आनंदली असती. मी कान टवकारले. सकाळी त्याचं शटर जरा लवकर उघडतंय का? आरसा पुसलेलाच पुन्हा पुसतोय का? की माझ्याच मनाचे खेळ? हा आजार एकदा घरात आला की माणसाला साधी शीळ घालायची चोरी होते, आणि ऐकणाऱ्यालाही ती साधेपणाने ऐकता येत नाही. मला त्या दिवसांत माझाच वैताग आला होता.

उत्तर कोटाच्या खिशात सापडलं. तो कोट भावजयीने न धुताच नुसता इस्त्रीला पाठवला होता. मी घाईत होते, खिसा तपासायचा राहिला. माझ्या हातून असं कधी होत नाही, पण त्या दिवशी झालं. इस्त्रीखाली काहीतरी चुरडलं. खिसा उलटा केला तर आत पांढरा भुगा, एकमेकांना चिकटलेल्या, तोंडात भिजून पुन्हा वाळलेल्या गोळ्या. बायको समोर उभी असताना हा गोळी जिभेखाली धरायचा आणि ती वळली की खिशात थुंकायचा.

मी तसाच कोट घेऊन त्याच्याकडे गेले. दुकानात कुणी नव्हतं. दाराचा पडदा ओढला आणि खिसा आरशाखालच्या फळीवर झटकला. त्याने एकदा भुग्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. खोटं बोलायचा विचार त्याच्या तोंडावर येऊन गेलेला मला दिसला. मग म्हणाला, "ताई, गोळी घेतली की हात थरथरतो. असा हात कुणाच्या गळ्याशी नेऊ? लोक आधीच टपून बसलेत."

"दवाखान्यातून आल्यापासून एक तरी माणूस दाढीला बसलाय तुझ्याकडे?"

तो फळीवरचा भुगा बोटाने गोळा करायला लागला.

"मग हा हात कुणासाठी स्थिर ठेवतोयस?"

"बसेल की कधीतरी कुणी," तो म्हणाला. "त्या दिवशी हलायला नको."

मी त्याला झापायला गेले होते. झापण्यासारखं तोंडात काही उरलं नाही. येणार नसलेल्या गिऱ्हाइकासाठी माझा भाऊ आपलं डोकं पणाला लावत होता, आणि ती गिऱ्हाइकं बाहेर दाढ्या कुरवाळत फिरत होती. त्याच्याऐवजी मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि रडूही आलं. दोन्ही मी त्याला दिसू दिलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हात थरथरतो हे आधीच का नाही सांगितलं, म्हणून त्या रागावल्या. रक्त तपासलं, गोळीचं प्रमाण बदललं. म्हणाल्या, थरथर बरीच कमी होईल, थोडी राहीलही कदाचित, पण आपल्या मनाने गोळी सोडायची नाही. झालं तसंच. किणकिण बारीक झाली, अगदी गेली नाही. बारक्याने वस्तऱ्याकडे बघणंच सोडून दिलं. वस्तरा फळीवर तसाच पडून राहिला, आणि माझ्या भावाने त्याच्याकडे फिरवलेली पाठ मला बघवेना.

एका दुपारी दुकानात चांगली गर्दी होती. भावजय डबा घेऊन आली. बारक्याने सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला. बाकावरून एकाने साळसूदपणे विचारलं, "अजून आहे का रे कावीळ?"

भावजय तोंड उघडणार, तेवढ्यात बारक्या म्हणाला, "कावीळ नव्हतीच. मूडचा आजार आहे. रोज गोळी लागते. तिने हात जरा थरथरतो, पण डोकं जागेवर राहतं."

एकाला लगेच काम आठवलं आणि तो निघून गेला. मी दारातच उभी होते. मला काय झालं कोण जाणे, आत गेले आणि खुर्चीत बसले. माझ्या हनुवटीवर दोन-चार राठ केस आहेत. वय झालं की येतात, मी ते एरवी पदराआड लपवते. मान मागे टेकली आणि म्हणाले, "हे काढ. वस्तऱ्याने."

"ताई, हात..."

"दिसतोय मला."

त्याने साबण लावला. करंगळी माझ्या गालावर टेकवून हाताला आधार दिला. पातं त्वचेला लागलं तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला, खोटं कशाला सांगू. डोळे मी मिटले नाहीत. पण आरशात मी त्याचा हात बघत नव्हते. बाकावर कोण कोण त्याच्या हाताकडे बघतंय ते बघत होते. त्यांना ते कळलं. एकेकाची नजर खाली गेली.

आणि मग कापलं. बारीकसं, हनुवटीच्या कडेला. साबणात लाल ठिपका उमटला. बाकावर कुणाचा तरी श्वास अडकलेला ऐकू आला. बारक्याचा हात हवेतच थांबला, तोंड पांढरं पडलं.

"ब्लेड बदल रे," घड्याळवाले काका पेपराआडून म्हणाले.

ते मनापासून बोलले की माझ्या नजरेच्या धाकाने, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. पण बारक्याने तुरटी उचलली आणि माझ्या हनुवटीवर फिरवली. आग झाली. काकांनी पेपर घडी करून बाकावर ठेवला, आपली ती सत्तरीतली दाढी खाजवली आणि म्हणाले, फार वाढली ही, टोचते. मी उठले, ते बसले.

वस्तऱ्यात नवं ब्लेड घालताना बारक्याचा हात थरथरत होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. काकांनी कॉलरचं बटण काढलं, मान मागे टेकली. डोळे मात्र उघडेच ठेवले. ठेवू देत. मीही ठेवलेच होते.