तीनपाशी रेघ नव्हती

श्रावणातला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम दोन हजार चारशे. हजर आम्ही दोघे नवरा-बायको, जुळे सोलापुरातल्या घरी. आणि फोनवर, लातूरच्या वसतिगृहातून, अकरावी सायन्सला गेलेली आमची मुलगी. तिला गणिताच्या शंकांसाठी वेगळी बॅच लावायची होती. त्या फीचं काही नव्हतं. पण दहावीपर्यंत रोज संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याशेजारी बसायची. आता रविवारचा एक फोन, तोही गणित असलं तरच तासभर चालायचा. बॅच लागली की माझ्याकडे काय उरणार?

म्हणालो, "आधी मला विचार की. मला नाही जमलं तर लाव."

तिनं फोटो पाठवला. वर x² − ९, खाली x² − x − ६. उभ्या अनंतस्पर्शी रेषा शोधा. म्हणजे अशी उभी रेघ, जिच्याजवळ आलेख वर किंवा खाली पळत सुटतो, पण तिला शिवत नाही. धडा मी वाचून ठेवला होता. छेद कुठे शून्य होतो ते पाहायचं. अवयव पाडले: (x − ३)(x + २).

"दोन रेघा. एक तीनपाशी, एक उणे दोनपाशी."

"ओ पप्पा, वर पण x − ३ आहे. कट करा की ते."

"कट कसं करू? खाली शून्य येतंय ना तिथं!"

मी अठ्ठावीस वर्षं बिलं तपासतोय. दोन्हीकडे सारखं दिसलं म्हणून खोडून टाकणं माझ्या हाताला जमत नाही.

"हे तुमचं ऑफिस नाही. किमती घालून बघा."

कॅल्क्युलेटर घेतला. २.९ ला १.२०४१, २.९९ ला १.२००४. आकडा १.२ कडे निवांत चालला होता. उणे १.९ ला अकरा, उणे १.९९ ला एकशे एक, उणे १.९९९ ला एक हजार एक. रेघ एकच, उणे दोनपाशी. तीनपाशी फक्त एक बिंदू गाळलेला. आलेख त्याच्या दोन्ही बाजूंना तसाच चालू.

"कळलं?" तिनं विचारलं. याच सुरात मी तिला विचारायचो.

"कळलं. पण तुला तर येतंय की. मग शंका कसल्या?"

"येत नाहीत ती गणितं तुम्हाला विचारतच नाही, पप्पा. तुम्ही मग आठवडाभर झोपत नाही."

"आणि मलाही झोपू देत नाहीत," बायको मागून म्हणाली. "नाष्टा केलास का गं?"

म्हणजे जूनपासून मी तिला समजावलेलं प्रत्येक गणित तिला आधीच सुटलेलं होतं.

फोन चौदा मिनिटांत संपला. मी उगाच उणे १.९९९९ घालून पाहिलं. दहा हजार एक.

सोमवारी ऑफिसला निघण्याआधी पूर्ण दोन हजार चारशे रुपये लातूरच्या बॅचच्या सरांना पाठवले.